असेटो कोर्सा आणि बेल्टवालं स्टिअरिंग: आठ महिन्यांनंतर

पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर 'गाड्या काय भारी दिसतात' यापलीकडे काही सुचलं नसतं. आता स्क्रीनवर काय दिसतं याचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम कळतो तो हातांना, आणि त्याहून जास्त ब्रेकवरच्या डाव्या पायाला.

सामान साधंच: ९०० अंश फिरणारं, आतल्या मोटरचा जोर बेल्टने हातापर्यंत पोचवणारं स्टिअरिंग, त्याच्यासोबत आलेली पेडलं आणि २७ इंची मॉनिटर. गेम २०१४चा, इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीने केलेला. जुना म्हणून नाक मुरडू नका. मोंझा, इमोला, स्पा हे ट्रॅक लेझर स्कॅन करून उतरवलेत, त्यामुळे रस्त्याचे उंचवटे नुसते रंगवलेले नाहीत, ते मनगटापर्यंत पोचतात.

पहिला महिना गोल फिरण्यात गेला. लोटस एलिस घेऊन वळणात शिरायचं, वेग जास्त वाटला की घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा, की गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरलीच! मी गेमलाच नावं ठेवत होते. पण इंजिन मागच्या बाजूला असलेल्या गाडीत तसंच व्हायला हवं. पाय काढला की वजन पुढच्या चाकांवर सरकतं, मागची हलकी होतात आणि पकड सोडतात. नेहमीच्या धावाधावीच्या गेममध्ये याची शिक्षा कधी झालीच नव्हती.

मग एक दिवस स्पाला हातात काहीतरी वेगळं जाणवलं. वळणात स्टिअरिंग जड होत जातं, अजून वळवलं की आणखी जड, आणि मग अचानक जरासं सैल. आधी वाटलं, मोटर गरम झाली. तसं नव्हतं. वळणात टायर स्वतःला सरळ करायला बघतो, तोच जडपणा आपल्याला जाणवतो. टायर घसरायच्या बेताला आला की हा जोर पकड संपण्याच्या थोडा आधीच कमी व्हायला लागतो. म्हणजे तो सैलपणा ही सूचना असते: आता आणखी वळवून काही मिळणार नाही. हे कळल्यावर मी स्टिअरिंग पिळायचं सोडलं आणि पुढचे टायर किंचाळायचे थांबले.

मात्र ही सूचना ऐकू यायला फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर हाताला देते तो जोर, कमी करावा लागला. 'जेवढा जोर तेवढं खरं' असं समजून मी तो शंभर टक्क्यांवर ठेवला होता. मोटरच्या ताकदीबाहेरचा जोर मागितला की तिला तो देता येत नाही, सगळं एकाच पातळीवर सपाट होतं आणि बारकावे हरवतात. सत्तरच्या आसपास आणल्यावर हातात जीव आला.

आता पेडलं. चौथ्या महिन्यात ब्रेक आपोआप लागायला लागला, तोही सरळ रस्त्यावर. कंपनीचं नाव घेत नाही, पण ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाका, हे एकच उत्तर तीनदा मिळालं. शेवटी मीच पेडल उघडून पुसलं, पंधरा दिवस चाललं आणि पुन्हा तेच. मग वैतागून लोड सेलचं पेडल घेतलं. जुनं पेडल किती खाली गेलं ते मोजायचं, हे किती जोराने दाबलं ते मोजतं. खऱ्या गाडीतही ब्रेकचे पॅड टेकल्यावर पेडल फारसं हलत नाही, पायाला जोरच लक्षात राहतो. पहिला आठवडा मी आधीपेक्षा हळू होते. नंतर मोंझाच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) दर फेरीत जवळपास त्याच जागी ब्रेक लावायला लागले, आणि ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरणं जमू लागलं. पैसे आधी इथे घाला, भारी स्टिअरिंग नंतर.

फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती कोनातलं दृश्य दिसतं ते, मोजून लावा. माझा मॉनिटर डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर आहे, त्या हिशेबाने उभा कोन २७ अंश येतो. दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटतं, आरसे दिसत नाहीत, पण अंतराचा अंदाज चुकायचा थांबतो.

कमी काय पडतं? पाठ. खऱ्या गाडीत मागची बाजू सुटली की आधी बसल्या जागी कळतं, इथे डोळ्यांनी दिसेपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून माझं सावरणं नेहमी अर्धा क्षण उशिरा. शिवाय भीती नाही. मूळ गेममध्ये पाऊस आणि रात्रही नाही, त्यासाठी कस्टम शेडर्स पॅचसारखे मॉड (बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडण्या) टाकावे लागतात.

तरी नॉर्डश्लायफे हा जर्मनीतला ट्रॅक वेगळा विकत घेतल्याचा पश्चात्ताप नाही. वीस किलोमीटरहून लांब फेरी, त्यात कारूसेल नावाच्या वळणाच्या काँक्रीटवर डावी चाकं उतरली की स्टिअरिंग खडखडतं. फेरारी एफ४० घेऊन तिथे एकही फेरी धडपणे पुरी झालेली नाही. इंजिनाला जास्तीचा जोर देणारे टर्बो उशिरा जागे होतात आणि नेमके वळण सुटण्याआधी.

हो, एक राहिलंच. लोड सेल घेणार असाल तर चाकांची खुर्ची प्रत्येक ब्रेकला मागे पळते. मी तिची पाचही चाकं जुन्या बुटांत घातली आहेत.