नमएक्सप्र की नंबा: मोठ्या अ‍ॅरेवरच्या सूत्राला काय लावावं?

एक कोटी आकड्यांचे अ आणि ब असे दोन अ‍ॅरे (आकड्यांच्या सलग याद्या) घ्या आणि नमपायला, म्हणजे पायथनच्या अ‍ॅरे-गणिताच्या लायब्ररीला, २*अ + ३*ब काढायला सांगा. फ्लोट-६४ मध्ये (दर आकड्याला ८ बाइट) प्रत्येक अ‍ॅरे ८० एमबीचा. नमपाय आधी २*अ सगळं काढतं, मग ३*ब सगळं, मग बेरीज. मधल्या उत्तरांनाच १६० एमबी लागले. वेळ गणितात कमी आणि रॅममधल्या ने-आणीत जास्त जातो. सूत्र कंपाइल करायचं, म्हणजे चालवण्याआधी संगणकाच्या सूचनांत बदलायचं, ते ही ने-आण वाचवायला. नमएक्सप्र आणि नंबा या दोन पायथन लायब्ररी हेच करतात.

नमएक्सप्र सूत्र स्ट्रिंग म्हणून घेतं, त्याचा बाइटकोड (छोट्या सूचनांची यादी) करतं आणि प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावणाऱ्या छोट्या तुकड्यांवर अख्खं सूत्र चालवतं, तेही अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी. तुमच्याकडून बदल एका ओळीचा: सूत्र अवतरणात घालून 'इव्हॅल्युएट'ला द्या. साइन, लॉग असलेल्या लांब सूत्रात फरक ठळक दिसतो. नुसत्या अ + ब मध्ये मधला अ‍ॅरेच नसतो, तिथे फार आशा नको.

अडतं कुठे? स्ट्रिंगमध्ये अ‍ॅरेचं स्लाइसिंग (त्यातला भाग कापून घेणं) चालत नाही. 'अँड'ऐवजी & वापरा आणि प्रत्येक तुलना कंसात घाला. लूपमध्ये दर फेरीला नवा स्थिरांक स्ट्रिंगमध्येच चिकटवलात, तर दर फेरीला सूत्र नव्याने कंपाइल होतं. तो आकडा व्हेरिएबलमधून द्या. आणि बाहेरच्या माणसाने टाइप केलेली स्ट्रिंग इथे कधीच देऊ नका.

नंबा एलएलव्हीएम या कंपाइलर-साधनामार्फत थेट मशीन कोड बनवतं. फंक्शनवर 'एनजिट' ही खूण लावून साधा फॉर-लूप लिहायचा. आत इफ-एल्स, शेजारच्या घटकाची किंमत, मधेच ब्रेक, सगळं चालतं. नमएक्सप्रला यातलं बरंच जमत नाही. पण पहिल्या कॉलला कंपाइलचा वेळ मोजावाच लागतो, म्हणून वेळ मोजताना एक कॉल आधी करून घ्या. 'कॅश=ट्रू' (कंपाइल केलेलं डिस्कवर जपून ठेव) दिलं तर पुढच्या रनला तो वाचतो. फ्लोट-६४ साठी कंपाइल झालेलं फंक्शन फ्लोट-३२ आलं की पुन्हा कंपाइल होतं. एक सोडून एक घटकांचा स्लाइस दिला तरी तेच, कारण मेमरीतली मांडणीही टाइपचा भाग धरली जाते. 'पॅरलल=ट्रू' आणि 'पीरेंज' (लूपच्या फेऱ्या कोअर्सवर वाटणारा 'रेंज') विसरलात तर काम एकाच कोअरवर चालतं. मग लोक म्हणतात, नंबा हळू आहे!

एका ओळीचं सूत्र असेल तर नमएक्सप्र घ्या. अटी आणि शेजारी आले की नंबा. अ‍ॅरे काही हजारांचाच असेल तर दोन्ही नकोत: नमपायच ठेवा, आणि तेच गणित वारंवार होत असेल तर नमपायच्या 'आउट' या पर्यायात उत्तरासाठी आधीच बनवलेला अ‍ॅरे द्या.