नऊ ते पाचची वीजसवलत : घरापेक्षा सोसायटीला अधिक लाभाची

नवी मुंबई आणि ठाण्यातील बहुतेक घरे महावितरणची ग्राहक आहेत. ज्यांच्याकडे टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा स्मार्ट मीटर बसला आहे, त्यांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे 80 पैशांची सवलत लागू झाली. ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत नेण्याची तरतूद आहे. कळवा-मुंब्रा भागात वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे असले, तरी विजेचे दर वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागतात, त्यामुळे 80 पैशांच्या दराने केलेला पुढील हिशेब तिथेही उपयोगी पडेल.

या योजनेची सर्वांत चांगली बाजू अशी, की घरगुती ग्राहकाला संध्याकाळच्या वापराबद्दल कोणताही जादा आकार द्यावा लागत नाही. उद्योगांना संध्याकाळी अधिभार बसतो आणि केरळात जास्त वापर असलेल्या घरांनाही त्या वेळी चढा दर मोजावा लागतो. आपल्याकडे मात्र वेळ पाळली तर फायदा आहे आणि न पाळल्यास तोटा नाही. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि सूर्य मावळताच मागणी वाढते, म्हणून केंद्राने 2023 च्या नियमांतच सौर तासांमधील दर स्वस्त ठेवण्याचे धोरण आखले होते.

प्रत्यक्ष बचत किती होते, हे नेरूळमधील आमच्या दोन शयनगृहांच्या घराचा वापर तपासून ठरवले. महावितरणच्या ॲपवर तासागणिक वापर दिसतो. त्या आलेखात सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान गिझरचा उंच खांब उभा राहतो आणि सवलतीची वेळ सुरू होण्याआधीच संपतो. दुसरा मोठा भाग रात्री दहानंतरच्या एसीचा असतो. नोकरदार कुटुंबाच्या दिनक्रमात हे दोन्ही हलवता येत नाहीत. फ्रीज चोवीस तास चालू असल्याने त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप सवलतीत येतो. उरतात ती कपडे धुण्याची, इस्त्रीची आणि वाटणघाटणाची कामे. ती दुपारी केली तर दिवसाला दीड युनिट हलते, म्हणजे महिन्याला 45 युनिट आणि 36 रुपये. कागदी बिल बंद करून गो-ग्रीन पर्याय घेतला तर काहीही न बदलता प्रत्येक बिलात 10 रुपये सुटतात, हे पाहता 36 रुपयांसाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना भर दुपारी कामाला लावणे मला पटत नाही. जे निवृत्त आहेत किंवा घरूनच काम करतात, त्यांनी सवलत जरूर घ्यावी, कारण त्यांची कामे तशीही दिवसाच होतात.

अनेकांच्या लक्षात न येणारा मुद्दा टप्प्यांचा आहे. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात आणि टप्पा ठरतो तो महिन्याच्या एकूण वापरावर. वापराची वेळ बदलल्याने एकूण युनिट कमी होत नाहीत. त्यामुळे 300 च्या आसपास असलेल्या घराने आधी युनिट कमी करण्याचा विचार करावा. 75 वॅटचा जुना पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा पंखा लावला आणि तो रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात. तेवढीच 20 युनिट दुपारी हलवली तर मिळतात फक्त 16 रुपये, तर पंख्यामुळे त्या युनिटांची वरच्या टप्प्यातील संपूर्ण किंमत वाचते.

वेळेच्या सवलतीचे खरे मोल मला सोसायटीच्या सामाईक जोडणीत दिसते. पाण्याचे पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांची जोडणी घरगुती वर्गातच मोडते, म्हणून तिथे टीओडी मीटर असल्यास हीच सवलत लागू होते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो. तो रोज चार तास चालत असेल, तर महिन्याची 480 युनिट होतात आणि ती सगळी नऊ ते पाचमध्ये आणली तर 384 रुपये वाचतात. यासाठी कोणाच्याही घरातला दिनक्रम बदलावा लागत नाही. गच्चीवरची टाकी पहाटे सहाऐवजी आदल्या दिवशी दुपारी साडेचारपर्यंत काठोकाठ भरलेली असावी, एवढीच काळजी घ्यावी लागते. मात्र टाकी लहान असेल आणि रात्रीचे पाणी त्यात मावत नसेल, तर हट्ट धरू नये. जमिनीखालच्या टाकीत पालिकेचे पाणी कधी येते तेही आधी पाहावे, कारण ती रिकामी असताना टायमरने पंप सुरू झाला तर मोटार जळण्याचा धोका असतो. पाण्याच्या पातळीनुसार पंप आपोआप बंद करणारी यंत्रणा आधी बसवावी आणि त्यानंतरच वेळ ठरवावी.