ई-चलनाची तक्रार सुविधा आणि लोक अदालत: मराठवाड्यातून एक परीक्षण

बाजारातील वस्तू घ्यायची की नाही हे ग्राहकाच्या हातात असते. राज्याची ई-चलन सेवा मात्र कोणी मागवत नाही, ती मोबाइलवर येऊन पडते आणि पैसे मागते. म्हणूनच तिचे परीक्षण अधिक बारकाईने व्हायला हवे, असे मला वाटते. आमच्या घरात दोन दुचाकी आणि मालवाहतुकीची एक पिकअप आहे. शिवाय भावकीतील आणि गावातील अनेकांची चलने वाचून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे, कारण कागद वाचायला मला कंटाळा येत नाही. या काळात संकेतस्थळ, वाहतूक पोलिसांचे महाट्रॅफिक अॅप, त्यातील तक्रारीची सोय, लोक अदालत आणि प्रत्यक्ष न्यायालय असे सर्व टप्पे मी पाहिले. माझे मत आधीच सांगतो: ही यंत्रणा पैसे भरून घेण्याचे काम उत्तम करते, वाहनधारकाचे म्हणणे ऐकून घेताना मात्र हात आखडता घेते, आणि लोक अदालतीकडून लोक जी अपेक्षा ठेवतात, ती पूर्ण करणे हे मुळात लोक अदालतीचे कामच नाही.

चलन पाहण्याची आणि भरण्याची सोय खरोखरच चांगली आहे. वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की त्या गाडीवरची प्रलंबित चलने ठिकाण, वेळ, कलम आणि छायाचित्रासह समोर येतात. पूर्वी चौकात पावती फाडली जायची तेव्हा कोणत्या कलमाखाली फाडली हे पावती घरी नेऊन वाचले तरच कळायचे, त्या मानाने ही मोठी प्रगती आहे. एक सावधगिरी मात्र हवी. ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) व्हॉट्सअॅपवर आली तर ती उघडू नये. खरे चलन पाहण्यासाठी कोणतीही फाइल डाउनलोड करावी लागत नाही आणि सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नेच संपतो. फाइल उघडून खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

खरा प्रश्न चलन चुकीचे असते तेव्हा सुरू होतो. मराठवाड्यातील गाड्यांचे क्रमांक एकमेकांच्या इतके शेजारी आहेत की गफलतीला भरपूर वाव राहतो. छत्रपती संभाजीनगरचा एमएच २०, जालन्याचा २१, परभणीचा २२, बीडचा २३, लातूरचा २४, धाराशिवचा २५, नांदेडचा २६. पाटीवर चिखल बसलेला असला किंवा अंकाचा रंग उडालेला असला, तर २६ चा २० व्हायला वेळ लागत नाही. त्यात ‘८०५५’ लिहून ‘बॉस’ वाचायला लावणाऱ्या हौशी पाट्या आहेतच, आणि त्या हौसेची किंमत कधी कधी भलताच माणूस मोजतो. आमच्या एका नातेवाइकांना विनाहेल्मेट प्रवासाचे चलन आले. छायाचित्र मोठे करून पाहिले तर गाडी दुसऱ्याच कंपनीची, रंग वेगळा आणि जिल्हा संकेतांकातील शेवटचा अंकही वेगळा होता. त्यांच्याकडे त्या कंपनीची गाडी कधीच नव्हती.

अशा चलनासाठी अॅपमध्ये तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक द्यायचा, कारण लिहायचे, नोंदणी प्रमाणपत्र आणि स्वतःच्या गाडीचे छायाचित्र जोडायचे. या नातेवाइकांची तक्रार मान्य झाली, पण उत्तर यायला बराच काळ गेला आणि मधल्या काळात ‘दंड भरा’ असे संदेश थांबले नाहीत. ज्या शहराच्या वाहतूक शाखेकडे ती तक्रार होती तिचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. कुठेही हेच घडले असते, कारण ज्या खात्याने चलन केले त्याच खात्याने तक्रार तपासायची, अशी ही रचना आहे. छायाचित्रात चूक उघड दिसत असेल तरच ही सोय उपयोगी पडते. ‘सिग्नल पिवळा होता’, ‘फलक झाडाआड होता’ असे वादाचे म्हणणे मांडले की बहुधा एका ओळीचा नकार येतो. या सोयीला मी पाचपैकी अडीच गुण देईन, आणि त्यातला अर्धा केवळ ती घरबसल्या वापरता येते म्हणून.

छायाचित्र पाहून झाले की नियम पाहावा, ही सवय वाहनधारकांनी लावून घ्यायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम घालण्यात आला. कॅमेरा, स्पीड गन यांसारख्या उपकरणांनी केलेल्या कारवाईचे निकष त्यात दिले आहेत. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि ते दरवर्षी नूतनीकृत व्हावे. अशी देखरेख असलेल्या टप्प्याच्या आधी इशारा देणारा फलक असावा. चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारे छायाचित्र, उपकरणाने केलेले मोजमाप, दिनांक, वेळ, ठिकाण आणि कलम असावे. आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवली जावी. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही जोडावे लागते. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, पण जालन्याला खाली उतरून साध्या रस्त्याला लागले की मर्यादा बदलते. म्हणून वेगाचे चलन आले की आधी चलनावरचे ठिकाण पाहावे, मग मोजलेला वेग आणि मग आपला राग. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन करण्याच्या पद्धतीविरुद्ध वाहतूकदारांनी आवाज उठवल्यावर २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने ती बंद करण्याचे परिपत्रक काढले होते. मालवाहू गाड्यांच्या मालकांनी हे लक्षात ठेवावे.

आता लोक अदालतीविषयी. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तिच्या आधी वाहतूक शाखेकडून वाहनधारकांना दाखलपूर्व, म्हणजे अजून न्यायालयात दाखल न झालेल्या, प्रकरणाची नोटीस किंवा संदेश येतो. गावाकडे तो संदेश वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो आणि ‘कोर्टाचे वॉरंट निघाले’ अशी आवई उठते. प्रत्यक्षात ती तडजोडीसाठी दिलेली हाक असते. न गेल्यास खात्याला न्यायालयात खटला दाखल करण्याचा मार्ग मोकळा राहतो, पण न जाणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी असते: बँकांची टेबले, वीजबिलांची टेबले, मोटार अपघाताचे दावे, आणि एका बाजूला चलनांचे टेबल. लोक शिस्तीने रांग लावतात, कर्मचारीही बहुतेक ठिकाणी सौजन्याने बोलतात. सोय म्हणून हे सारे उत्तमच आहे.

परंतु रांगेतला निम्मा माणूस वेगळ्याच अपेक्षेने आलेला असतो. ‘साहेब, फोटोत माझी गाडीच नाही’ हे न्यायाधीशांना सांगू, मग चलन रद्द होईल, अशी त्याची समजूत असते. लोक अदालतीत पुरावा तपासला जात नाही, साक्ष होत नाही आणि कोणाला निर्दोष ठरवले जात नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे तेथे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते, आणि तडजोडीवर सही झाली की त्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. तडजोड झाली नाही तर दाखल झालेले प्रकरण होते त्या न्यायालयाकडे परत जाते, एवढेच. तेव्हा चूक मान्य असेल त्याने लोक अदालतीत जरूर जावे. चूक मान्य नसेल त्याने तेथे सही करून येणे म्हणजे आपले म्हणणे स्वतःच्या हाताने मिटवणे आहे. दुसरा गैरसमज सवलतीचा. प्रत्येक लोक अदालतीआधी ‘दंडात निम्मी सूट’ असे संदेश फिरतात. तडजोडीची रक्कम शासनाच्या अधिसूचनेने ठरते. विनाहेल्मेटसाठी कायद्यात १,००० रुपये दंड असला तरी महाराष्ट्रात तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम, ५०० रुपये आहे, ते डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दरांमुळे. फिरत्या संदेशावर विसंबून जालन्याहून किंवा वसमतहून दिवस मोडून जाऊ नये.

मग म्हणणे मांडायचे कुठे? प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. चलन मान्य नाही आणि प्रकरण न्यायालयात पाठवावे असे लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे असे खटले संक्षिप्त पद्धतीने चालतात. समन्स येते, स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते. पुकारा झाला की गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते. ‘नाही’ म्हटले की सरकार पक्षाला पुरावा द्यावा लागतो: चलन करणारा पोलीस, छायाचित्र, उपकरणाचे प्रमाणपत्र. माझ्या पाहण्यात आलेल्या सुनावण्यांत न्यायाधीशांनी वाहनधारकाचे म्हणणे शांतपणे ऐकले, छायाचित्र स्वतः पाहिले, आणि कोणी नेमका मुद्दा घेऊन आला असेल तर त्याला घाईने उठवले नाही. या टप्प्याला मी चार गुण देतो. पाचवा गुण तारखांमुळे जातो, कारण ५०० रुपयांच्या चलनासाठी रोजंदारीवरच्या माणसाने दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवावी, हे परवडणारे नाही, आणि बहुतेक जण याच हिशेबाने न केलेल्या चुकीचेही पैसे भरून टाकतात. वकिलाचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. चलनासारख्या ‘किरकोळ’ कामासाठी ही सेवा मागायला लोक संकोचतात, तो संकोच अनाठायी आहे.

मराठवाड्याची खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याकडे या यंत्रणेचे लक्ष नाही. गेवराई, केज, अहमदपूर, जिंतूर या भागांतील हजारो तरुण चाकण, भोसरी, रांजणगावला कामाला आहेत. दुचाकी वडिलांच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल वडिलांचा, गाडी पुण्यात. चलन पुण्यात होते आणि संदेश शेतात उभ्या असलेल्या वडिलांना येतो. खटला साधारणपणे जेथे गुन्हा घडला तेथील न्यायालयात चालतो, म्हणजे म्हणणे मांडायचे तर पुणे गाठावे लागते. गाडी कोण चालवत होते हे विचारल्यास सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकली आहे, त्यामुळे ‘मला माहीत नाही’ म्हणून सुटकाही नाही. वडील-मुलात या चलनांवरून होणारी भांडणे हा या सेवेचा जमाखर्चात न दिसणारा भाग आहे. दूरच्या जिल्ह्यातील वाहनधारकाला आपल्या तालुक्याच्या न्यायालयातून दूरदृश्य पद्धतीने म्हणणे मांडण्याची सोय सर्रास मिळाली, तर माझे बहुतेक आक्षेप संपतील. जुनी गाडी विकणाऱ्यांची गत याहून वाईट. व्यवहार स्टॅम्प पेपरवर होतो, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे नमुना २९ आणि ३० हे अर्ज भरायचे राहून जातात, आणि नोंदणीत नाव तेच राहिल्यामुळे चलनेही जुन्याच मालकाकडे येत राहतात. त्यात यंत्रणेचा दोष धरता येत नाही.

जुन्या चलनांबाबत एक मुद्दा वकील मंडळींकडून नेहमी ऐकू येतो आणि तो बरोबर आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, त्यामुळे मुदत उलटली म्हणजे चलन आपोआप पुसले गेले असे नाही. संकेतस्थळावर तर ते दिसतच राहते आणि गाडी विकताना खरेदीदार त्यावर बोट ठेवतोच. पण चार-पाच वर्षांपूर्वीच्या चलनासाठी न्यायालयीन कारवाईची भीती घालणारा संदेश आला, तर हा मुद्दा लेखी उत्तरात जरूर घ्यावा.

शेवटची सूचना निकालानंतरची आहे. न्यायालयात प्रकरण निकाली निघाले किंवा लोक अदालतीत तडजोड झाली, तरी संकेतस्थळावरील नोंद लगेच बदलतेच असे नाही. आदेशाची प्रमाणित प्रत किंवा पैसे भरल्याची पावती घेतल्याशिवाय आवार सोडू नये. काही दिवसांनी वाहन क्रमांक टाकून पाहावे, आणि चलन अजून प्रलंबित दिसत असेल तर तीच प्रत जोडून अॅपवर तक्रार करावी. अशा तक्रारीचा निपटारा, माझ्या अनुभवाप्रमाणे, इतर तक्रारींपेक्षा लवकर होतो.