पावती आमच्या नावाची, पैसे दुसऱ्याच्याच खात्यात

"ताई, यंदा दोनदा का?"

भांडी बाजारातल्या काकांनी असं विचारलं, तेव्हा वाटलं त्यांची काहीतरी गल्लत होतेय. त्यांनी गल्ल्यातून पावती काढून पुढे धरली. 1,100 रुपये. वर आमच्या संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, आणि 'हस्ते'पुढे चक्क माझं नाव. मी त्या दुकानाची पायरी त्या दिवशी वर्षात पहिल्यांदा चढले होते.

गेली 21 वर्षं मी हे काम करते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून माणसं नाशिकच्या सरकारी दवाखान्यात येतात. रुग्णाला खाट मिळते, पण सोबत आलेल्या म्हातारीने रात्री जेवायचं कुठे? त्यांना रोज संध्याकाळी पोळी-भाजी, वरण-भात देतो. त्यासाठी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार पायी फिरून देणग्या गोळा करायच्या. बहुतेक दुकानांत आता दुसरी पिढी गल्ल्यावर बसते, तरी 'ताई आल्या' म्हटलं की हात आपसूक खिशात जातो.

नेमका याचाच फायदा घेतला गेला.

श्रावणात एक तरुण आला. "मला सेवा करायचीय," म्हणाला. दोन रविवार वाढायला उभा राहिला, भांडी घासली. मीच त्याला दोन-चार दुकानांत नेलं, "हा आपलाच मुलगा" म्हणून ओळख करून दिली. पुढे त्याने देणगीदारांची यादी मागितली, आभाराचे मेसेज पाठवतो म्हणाला. मी माझ्या वहीच्या पानांचे फोटो काढून त्याला पाठवले: नावं, नंबर, मागच्या वर्षीचे आकडे, सगळं. गणपतीनंतर तो आलाच नाही. परीक्षा असेल, असं मी धरून चालले.

काकांची पावती घरी आणून आमच्या पावतीशेजारी ठेवली. आमच्या शिक्क्यातल्या 'नाशिक'ची वेलांटी कित्येक वर्षांपासून पुसट उमटते, आणि शाई कागदाच्या मागे उतरते. या पावतीवरचा शिक्का ठसठशीत होता आणि मागची बाजू कोरी. शिक्का मारलेला नव्हता, छापलेला होता. खाली कोपऱ्यात क्यूआर कोड होता, जो आमच्या पावतीवर कधीच नव्हता. स्कॅन करून पाहिलं तर संस्थेचं नाव नाही, भलत्याच माणसाचं आलं.

पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसतंच. वहीतल्या प्रत्येकाला फोन केला तेव्हा कळलं, 17 जणांनी पैसे दिले होते, एकूण 38,600 रुपये. त्यांतल्या एकानेही ते नाव वाचलं नव्हतं. कशाला वाचतील? पावतीवर माझं नाव होतं ना. पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शनमधून 5,000 दिले होते. त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुझे पाय दुखत असतील, म्हणून मुलाला पाठवलंस." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका व्यापाऱ्याने 80जीचं, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवायला लागणारं, प्रमाणपत्र मागितलं होतं. "ते मार्चनंतर येतं," असं उत्तर मिळालं. हे खोटं नाही, म्हणूनच खपलं. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचा तपशील आयकर खात्याकडे भरल्यावरच ते प्रमाणपत्र निघतं. तोवर चोराला मोकळं रान. पण संस्थेच्या कार्यालयात एक फोन करून पावती क्रमांक सांगितला असता, तर स्थळप्रतीवरून तिथेच उलगडा झाला असता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन केला, पोलिसांतही तक्रार दिली. बहुतेक व्यवहार पंधरा-वीस दिवसांपूर्वीचे, त्यामुळे पैसे खात्यातून केव्हाच निघून गेले होते. आदल्या दिवशीचे 3,000 तेवढे गोठवले गेले. लवकर कळवलं तरच रक्कम अडवता येते, हे मला तेव्हा समजलं. तपास चालू आहे.

आता वही माझ्या कपाटाबाहेर जात नाही. नवा स्वयंसेवक कितीही गुणी असो, त्याच्या हाती पावतीपुस्तक एकट्याने देत नाही. मी स्वतः दारात उभी असले तरी पैसे देण्याआधी मोबाइलवरचं नाव मोठ्याने वाचा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

आणि कोपऱ्यात क्यूआर कोड असलेली आमच्या नावाची पावती तुमच्याकडे असेल, तर ती फाडू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. दोन्ही तक्रारीला जोडायचे आहेत.