हॉर्न जळलेच नव्हते

आमच्याकडे वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. बघणारे तिला सरसकट ‘पद्मिनी’ म्हणतात. ते नाव १९७४ मध्ये आलं, पण पार्ल्याच्या सिग्नलला रिक्षावाल्याशी इतिहासावर कोण बोलत बसणार? गेल्या वर्षी तिचं पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पत्रा उघडा केला, गंज कापला, नवा रंग दिला. ते काम झकास झालं. फसलो ते त्यानंतर, हॉर्नमध्ये. १८,५०० रुपये गेले, वर वडिलांच्या हातचे दोन हॉर्न गेले.

रंगून आल्यावर स्टीअरिंगवरची कडी दाबली की ढिम्म. या गाडीचा गिअर स्टीअरिंगलाच असतो. गंमत अशी, की दुसरा गिअर टाकताना दांडा ओढून धरला आणि त्याच वेळी कडी दाबली, तर दोन्ही हॉर्न खणखणीत वाजायचे. जुन्या गाड्यांचं काम करणारा म्हणून कुणीतरी सुचवलेल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला मी हे सांगितलं. तो हसला. “काका, गिअरचा आणि हॉर्नचा काय संबंध?” त्याच्याबरोबर मीही हसलो.

त्याने दोन्ही हॉर्न काढून टेबलावर घेतले. माझ्याकडे पाठ करून स्क्रूड्रायव्हरने काहीतरी खुडबुड केली, मग बॅटरीच्या वायरी लावून दाखवल्या. नुसतं ‘टक्’. “कॉइल गेली. दोन्ही जळलेत.” हॉर्नच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आतल्या पॉइंटचं अंतर त्यावर ठरतं. तो जास्त फिरवला की धडधाकट हॉर्नही टक् करून गप्प बसतो. पुन्हा पाव-पाव फेरा उलटा घेत गेलं की आवाज परत येतो.

मग त्याने यादी वाढवली. रिले, म्हणजे हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा स्विच, गेलाय, वायरिंग कुजलंय. आणि ‘व्हीए’चा, म्हणजे व्हिंटेज गाडीचा नंबर घ्यायचा असेल तर हॉर्न जुन्याच बनावटीचे हवेत, नाहीतर आरटीओ परत पाठवेल. ही शुद्ध थाप. २०२१ च्या नियमात ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत एवढंच आहे. हॉर्नचं नावही नाही. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र मान डोलावली आणि ‘जुने इटालियन’ हॉर्न जोडी ७,५००, रिले १,२००, नवीन वायरिंग ७,८०० आणि मजुरी २,००० असे पैसे मोजले, तेही रोख. बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद, त्यावर दुकानाचा शिक्कासुद्धा नाही. जुने हॉर्न मागितले तर म्हणाला, “भंगार आहे काका, कशाला घरी नेता?”

अकरा दिवस हॉर्न वाजला. बाराव्या दिवशी भर पावसात माहीम कॉजवेवर कडीला हात न लावता आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. मागून शिव्या, पुढून ट्रॅफिक हवालदार. बायको उतरून, आपला या माणसाशी काही संबंध नाही अशी लांब जाऊन उभी. शेवटी बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली तेव्हा शांतता झाली.

आमच्या मजल्यावर आप्पा राहतात. बेस्टच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकचंच काम करून निवृत्त झालेत. त्यांनी टेस्ट लॅम्प घेतला आणि तासाभरात सगळं उघडं पाडलं. नवं वायरिंग म्हणजे बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या हातभर भागावर नवी काळी टेप, आत आमच्याच जुन्या वायरी. चकचकीत रिले स्क्रूने बसवलेला, त्याच्या वायरी टेपच्या गुंडाळीत शिरून तिथेच संपलेल्या. खरं काम अजून जुनाच रिले करत होता, त्याला फक्त मागे लपवला होता. इटालियन हॉर्नचा करडा रंग नखाने खरवडला तर खाली आजकालच्या स्वस्त हॉर्नचा स्टिकर. बॉनेटमधून डॅशबोर्डकडे वायर जाते त्या भोकातलं रबर परत बसवलंच नव्हतं. पत्र्याच्या धारेने वायर सोलली, पत्र्याला टेकली आणि हॉर्न अडकला.

मग आप्पा डॅशबोर्डखाली शिरले आणि म्हणाले, “अरे, हे बघ.” स्टीअरिंगच्या नळीच्या क्लॅम्पपासून बॉडीच्या एका बोल्टपर्यंत बारीक वायर ओढलेली, आणि बोल्टाखालचा रंग नाण्याएवढा खरवडलेला.

आमच्या गाडीत हॉर्नला करंट कायम तयार असतो. कडी दाबली की रिलेची वायर स्टीअरिंगच्या लोखंडाला टेकते आणि तिला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोड मिळतो. पेंटरने क्लॅम्पच्या खाली, बोल्टाच्या खाली सगळीकडे रंग मारल्यामुळे स्टीअरिंगचा अर्थच तुटला होता. दांडा ओढला की गिअरच्या सळ्यांमधून इंजिनाचा अर्थ मिळायचा. म्हणजे मी सांगितलेल्या त्या एका वाक्यात अख्खं निदान होतं आणि ते त्या इलेक्ट्रिशियनला कळलंही होतं. वीतभर वायरीचं काम त्याने चोख केलं आणि पैसे न केलेल्या कामाचे घेतले.

जुनी गाडी रंगवून आणली असेल आणि हॉर्न मुका असेल, तर कुणाकडेही नेण्याआधी एवढं करा. फ्यूज बघा. मग बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावलेली एक वायर थेट हॉर्नच्या करंटच्या टोकाला टेकवा. वाजला तर हॉर्न ठीक आहे. नाही वाजला तरी लगेच हाय खाऊ नका. एकच टोक असलेला हॉर्न ब्रॅकेटमधून अर्थ घेतो आणि तिथेही रंग असतोच. हॉर्नच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसला दुसरी वायर देऊन बघा. हॉर्न वाजतो पण कडी दाबून वाजत नाही, तर स्टीअरिंगच्या नळीला मायनसची वायर लावून कडी दाबा. आमच्या गाडीला एवढंच पुरलं असतं. आवाज घोगरा असेल तर हॉर्न वाजत असताना त्याच्या टोकांवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर बारा आणि तिथे नऊ-दहा दिसले, तर मधल्या कुठल्यातरी जोडात गंज आहे. दुकानात हॉर्न तपासताना समोर उभे राहा, पाठ बघत बसू नका. काढलेला भाग डिकीत टाकल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी त्या इलेक्ट्रिशियनकडे परत गेलो, जुने हॉर्न मागितले. “भंगारवाला कधीच घेऊन गेला,” म्हणाला, नजरही न चुकवता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार ग्राहक आयोगात करायला फी नाही, पण माझ्याकडे तो वहीचा कागद आणि व्हॉट्सअॅपवरचे चार निरोप एवढंच आहे. बघू.

तीन शुक्रवार चोरबाजार पालथा घातला, कुर्ल्याला सीएसटी रोडवरही फिरलो. दोन्ही हॉर्नच्या ब्रॅकेटमागे वडिलांनी खिळ्याने बारीक ‘श्री’ कोरला आहे, उजव्या हॉर्नवरचा जरा वाकडा. कुठे विकायला आलेले दिसले तर घेऊन ठेवा, मागाल ते पैसे देतो.