बंद पडलेल्या रेल्वेची पायी फेरी, कुर्ला ते कालिना

रूळ-फलाट बघायला जाणार असाल तर नका जाऊ, काहीही उरलेलं नाही. ट्रॉम्बे–अंधेरी लाइन १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ मध्ये गुंडाळलीसुद्धा. सेंट्रल सालसेट ट्रामवे हे तिचं नाव आता फक्त आद्याक्षरांत, सी.एस.टी. रोडपुरतं उरलंय. पण माहिती सांगणाऱ्या ताई जबरदस्त! लॅमिनेट केलेला नकाशा त्यांनी एका गॅरेजच्या शटरला टेकवला, तर आतला मेकॅनिकही पाना ठेवून बघायला आला. गावं, शेतं, खाडी, त्यातून जाणारी गाडी. सगळं उभं केलं त्यांनी. आयोजकांनी मात्र माइक द्यायला हवा होता, ट्रकच्या हॉर्नमध्ये मागच्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. सकाळचीच बॅच घ्या.