नागपुरात कॉलेज टीमसाठी फुटबॉल टॅक्टिक्सचं कोचिंग, लावावं का?

युनिव्हर्सिटीच्या मॅचेस जवळ आल्या म्हणून आमच्या टीमनं हे वीकेंड कोचिंग लावलं, नाव नाही घेत कारण थोडी बोंब पण मारायची आहे. आधी चांगलं. सर ड्रिबलिंग-बिबलिंगच्या मागं लागत नाहीत, कोणी कुठं उभं राहायचं तेच शिकवून राहिले. ४-३-३ मध्ये (मागं चार, मधात तीन, पुढं तीन) दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, वर गेले की मागं दोनच स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, उरतात, मग सहा नंबरवाल्यानं, म्हणजे डिफेन्सच्या पुढ्यातल्या मिडफिल्डरनं, खाली येऊन त्यांच्या मधात उभं राहायचं, हे आधी फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडून आणि मग ग्राउंडवर शिट्टी मारून सगळ्यांना जागच्या जागी थांबवून. आमचा सहा नंबर बॉल घेताना समोरच्या टीमच्या गोलकडं पाठ करून उभा राहायचा, सरांनी खांदे धरून त्याला तिरपा केला, म्हणे बॉल यायच्या आधीच मागं बघून घे बे!

प्रेसिंग, म्हणजे समोरच्याकडं बॉल असताना त्याच्यावर धावून जाणं, ते पण डोकं लावून. इथल्या उन्हात ९० मिनिटं हाय प्रेस (त्यांच्याच गोलजवळ जाऊन दाबणं) कोणाच्या बापाला जमत नाही, म्हणून समोरच्यानं कीपरला बॅकपास दिला कीच तुटून पडायचं, १९९२ पासून टीममेटनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल त्याला हातात घेता येतच नाही ना. शेजारच्या कामठीची पोरं समोर असली तर पायातल्या खेळात आपण मार खातो, मग निदान जागा तरी सोडू नये.

आता बोंब. गोलकीपरसाठी वेगळं काहीच नाही, बिचारा प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन गोळा करत फिरतो. फी कॅशच. आणि बॅच सकाळचीच घ्या, संध्याकाळी एका गोलपोस्टकडचे लाइट बंदच असतात.